मेलेले ढोर कोणी एकट्याने सोडले नव्हते



आपल्या वस्त्यांमध्ये एक वाक्य फार सहज बोलले जाते : "सोडायची असती तर त्याने कधीच सोडली असती." दारू पिणाऱ्याबद्दल हे बोलतात, गुटखा खाणाऱ्याबद्दल बोलतात. टीबीच्या गोळ्या दोन महिन्यांत बंद करणाऱ्याबद्दल आणि शुगर वाढली तरी दवाखान्याची पायरी न चढणाऱ्या बाईबद्दलही हेच बोलतात. मनाचा निर्धार नाही, दुसरे काय, असे म्हणून आपण हात झटकतो. चळवळीतले काही कार्यकर्ते तर आणखी पुढे जातात. त्यांच्या मते आरोग्य हा ज्याचा त्याचा खासगी प्रश्न आहे आणि चळवळीने राजकारणाचे बोलावे.

या दोन्ही गोष्टींना आमचा विरोध आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला जे दिसते आणि आपल्या समाजाच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासात जे लिहिलेले आहे, त्यातून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सिद्ध होते. माणसाचे खाणे, पिणे, आजारी पडणे आणि बरे होणे हे तो कोणाशी जोडलेला आहे आणि कोणापासून तोडलेला आहे यावर मोठ्या प्रमाणात ठरते. या जोडण्याला समाजशास्त्रात सामाजिक जाळे म्हणतात. हे शब्द ऐकले की आजच्या पोरांना व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम आठवते. आम्ही बोलतोय ते त्याहून कितीतरी जुन्या जाळ्याबद्दल : भावकी, शेजार, गावकी, कामावरची टोळी, मंडळ, विहार. आणि या देशात ज्याने सर्वांत जास्त माणसे जोडली आणि सर्वांत जास्त माणसे तोडली त्या जाळ्याबद्दल, म्हणजे जातीबद्दल.

मुरबाडपासून सुरुवात करू

कल्याणला लागूनच मुरबाड तालुका आहे. बाबासाहेबांच्या आई भीमाबाई या मुरबाडकर घराण्यातल्या. त्यांचे वडील लष्करात सुभेदार होते. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ हेही लष्करात सुभेदार, लष्करी शाळेत मुख्याध्यापक आणि कबीरपंथी. घरात भजन, वाचन आणि दारूला थारा नाही.

आता विचार करा. एकोणिसाव्या शतकात, जेव्हा महारवाड्यात अक्षर पोहोचू दिले जात नव्हते, तेव्हा ही दोन घरे शिकलेली आणि निर्व्यसनी कशी झाली? ती काही जगावेगळ्या निर्धाराची माणसे जन्माला आली म्हणून नव्हे. गावगाड्याच्या जाळ्यातून बाहेर पडून ती दुसऱ्या जाळ्यात गेली म्हणून. लष्करात सैनिकांच्या मुलामुलींसाठी शाळा होती, दर महिन्याला रोख पगार होता, ठरलेला दिनक्रम होता आणि आजूबाजूची माणसेही तशीच राहत होती. त्यातच कबीरपंथाची संगत मिळाली. पेन्शन घेऊन हे सैनिक दापोलीसारख्या ठिकाणी एकत्र राहिले आणि त्यांच्यातूनच गोपाळबाबा वलंगकरांसारखा माणूस लिहू-बोलू लागला. पुढे १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा तुटली ती फक्त नोकरी नव्हे. शाळा, पगार आणि संगत या तिन्ही गोष्टींचा धागा तुटला. आपले पहिले अर्जविनंत्यांचे राजकारण ही भरती पुन्हा सुरू करा म्हणून झाले, त्याचे कारण हेच आहे.

रोग कोणत्या वाटेने येतो

१८५३ साली मुंबई ते ठाणे आगगाडी सुरू झाली. पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोहोचली. याच वाटेने आपली माणसे गावातून मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि रेल्वेच्या गँगमध्ये गेली. रोगही याच वाटेने फिरला. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत प्लेग सुरू झाला आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. जिकडे माणसांचे नाते, तिकडे माणसे गेली आणि त्यांच्याबरोबर प्लेगही गेला.

त्या प्लेगने दोन प्रकारचे संबंध उघडे केले. एकीकडे आजाऱ्याला टाकून पळणारा समाज होता. दुसरीकडे सत्यशोधकांचे घर होते. सावित्रीमाईंनी डॉक्टर असलेल्या यशवंताला बोलावून पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या महारवाड्यातला आजारी मुलगा पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या, त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. १८७३ साली सत्यशोधक समाजाने जातीपलीकडचे जे नाते बांधायला घेतले, त्या नात्याची किंमत सावित्रीमाईंनी जिवाने चुकवली. ज्याला शिवायचे नाही असे धर्म सांगत होता, त्याला त्यांनी पाठीवर घेतले. आरोग्याच्या इतिहासात याहून मोठा राजकीय प्रसंग आम्हाला तरी माहीत नाही.

मग १९१८ चा इन्फ्ल्यूएंझा आला. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ माणसे मेली. त्या साथीचे जातवार आकडे प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावेत असे आहेत. मुंबईत युरोपीय लोकांमध्ये दर हजारी ८.३ माणसे मेली, पारशांमध्ये ९, सवर्ण हिंदूंमध्ये १८.९ आणि सरकारी कागदात ज्यांना खालच्या जातीचे हिंदू म्हटले होते त्यांच्यात ६१.६. सवर्णांच्या तिपटीहून जास्त! विषाणूला जात कळत नाही हे खरे. पण एका खोलीत किती माणसे झोपतात, नळ किती दूर आहे, आजारी असताना कामावर जावे लागते की नाही, दूध कोण आणून देणार आणि डॉक्टर घरात पाय ठेवणार की नाही, हे सगळे जातीला चांगले कळते. ज्यांचे एकमेकांशी संबंध घट्ट आणि बाहेरच्या जगाशी संबंध तोडलेले, त्यांच्यात रोग झपाट्याने पसरतो आणि मदत मात्र पोहोचत नाही. अस्पृश्यतेचा आरोग्याच्या भाषेतला अर्थ हा आहे.

महाड : संपूर्ण गावाने सोडलेली सवय

१९ आणि २० मार्च १९२७. महाडची परिषद म्हटली की आपल्याला चवदार तळे आठवते आणि ते बरोबरच आहे. पण त्या परिषदेत बाबासाहेबांनी आणखी काय सांगितले ते आपण फार कमी वेळा बोलतो. मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, शिळ्या तुकड्यांसाठी हात पसरणे सोडा, मुलांना शिकवा. परिषदेच्या ठरावांतही मृत मांस खाण्यावर कायद्याने बंदी घालावी, दारूबंदी करावी आणि प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करावे अशा मागण्या होत्या. म्हणजे पाण्याचा हक्क, खाणे, पिणे आणि शाळा हे सगळे एकाच मांडवात. राजकारण वेगळे आणि आरोग्य वेगळे ही वाटणी बाबासाहेबांनी केलेली नाही. ती आपण नंतर केली.

आता मुख्य प्रश्न. मृत मांस खाण्याची प्रथा शेकडो वर्षांची होती. ती भुकेने लादलेली होती आणि ढोर ओढणे हे तर गावकीचे काम म्हणून ठरलेले होते. अशी गोष्ट पिढ्या-दोन पिढ्यांत इतकी कशी सुटली की आज आपल्या पोरांना ती ऐकूनही विश्वास बसत नाही? एकेका माणसाने घरी बसून निर्धार केला म्हणून का? एकट्याने सोडले असते तर काय झाले असते ते पाहा. भाऊबंद म्हणाले असते, हा आम्हाला हलके समजतो. गावचा पाटील म्हणाला असता, बलुते बंद. आणि रात्री पोरे उपाशी झोपली असती.

म्हणून हे काम समूहाने झाले. जातपंचायतीत ठराव झाले, वाड्याने शपथा घेतल्या आणि जो मोडेल त्याला वाड्याने जाब विचारला. मुंबईत गिरणीत, गोदीत, रेल्वेत असलेली माणसे गावी जाताना परिषदेची बातमी घेऊन गेली. ३ एप्रिल १९२७ पासून 'बहिष्कृत भारत' निघू लागले. वाचता येणारा एक आणि ऐकणारे अनेक असा त्याचा प्रवास झाला. भीमराव कर्डकांसारख्यांच्या जलशांनी तीच गोष्ट गाण्यातून आणि हसवून सांगितली. जी जातपंचायत काल माणसाला वाळीत टाकायला वापरली जात होती, तीच आज मुक्तीच्या कामाला लावली गेली. बाबासाहेबांनी जुने जाळे घेतले आणि त्यातून वाहणारी गोष्ट बदलली. पुढे तर त्यांनी जाळेच नवे विणले.

डिसेंबर १९२७ च्या दुसऱ्या महाड परिषदेच्या वेळी त्यांनी स्त्रियांच्या सभेत जे सांगितले तेही असेच आहे. ज्या नेसण्यावरून आणि दागिन्यांवरून जात ओळखू येते ते सोडा, स्वच्छ राहा, मुलींना शिकवा, आणि नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवायला वाढू नका. धनंजय कीरांच्या चरित्रात नोंद आहे की त्या भाषणानंतर स्त्रियांनी लगेच लुगडे नेसण्याची पद्धत बदलली. एकटीने बदलली असती तर गावाने तिला नावे ठेवली असती. शेकडो जणींनी एकदम बदलली तेव्हा नावे ठेवणार कोणाला?

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. सोडणे फुकट नव्हते. ढोर सोडले म्हणजे अन्न गेले, कातडे आणि हाडांचे पैसे गेले. सवर्णांनी तेव्हा 'केसरी'तून हिशोब मांडून दाखवले होते की महारांचे किती नुकसान होईल. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी या वादाची आठवण सांगितली आहे. एवढा फायदा आहे तर तुम्हीच करा, असे त्यांचे उत्तर होते. त्यांना ठाऊक होते की अपमानाबरोबर मिळणारे अन्न माणसाचे शरीर जगवते आणि माणूस मारते.

बहिष्कार : धागा कापण्याचे शस्त्र

समोरच्यांनाही जाळ्याची ताकद कळत होती. त्यांनी तलवारीपेक्षा बहिष्कार जास्त वापरला. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीवर स्वतः बाबासाहेब होते. १९३० च्या तिच्या अहवालात लिहिले आहे की अस्पृश्यांनी हक्क वापरायचा म्हटले की त्यांच्यावर बहिष्कार टाकला जातो. मजुरी बंद, शेतातून वाट बंद, दुकानातले धान्य बंद. कारणे मात्र अगदी क्षुल्लक असत.

आता हे आरोग्याच्या नजरेने वाचा. मजुरी, वाट, धान्य, पाणी. बहिष्कार म्हणजे पूर्ण वस्तीचे हळूहळू केलेले उपासमारीचे आणि आजाराचे नियोजन. आणि महाडच्या तळ्यात काय झाले? आपल्या ओंजळीने बाटलेले पाणी शुद्ध करायला त्यांनी त्यात पंचगव्याच्या १०८ घागरी ओतल्या. शेण आणि गोमूत्र मिसळलेले पाणी त्यांना शुद्ध वाटले आणि माणसाचा हात अशुद्ध! तळ्याच्या हक्काचा उच्च न्यायालयाचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडले. दहा वर्षे.

१९५६ : शपथ एकट्याची नव्हती

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंनी एकत्र उभे राहून २२ प्रतिज्ञा घेतल्या. त्यातली १७ वी प्रतिज्ञा दारू न पिण्याची आहे. पंचशीलातले पाचवे शीलही तेच सांगते. ७ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर बाबासाहेबांच्या चितेसमोर भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून एक लाखाहून अधिक लोकांनी दीक्षा घेतली. दुःखाने कोसळायच्या क्षणी समाजाने एकमेकांचा हात धरला.

बाबासाहेबांना हे खासगीत सांगता आले नसते का? पुस्तक लिहून ज्याने त्याने घरी वाचावे असे म्हणता आले असते. पण त्यांनी मैदान निवडले, कारण लाख माणसांच्या देखत आणि शेजाऱ्याच्या देखत घेतलेली शपथ मोडणे अवघड असते आणि पाळणे सोपे असते. बुद्ध, धम्म आणि संघ यांत संघ तिसरा आहे, पण वगळता येण्यासारखा नाही. संघाशिवाय शील टिकत नाही हे बुद्धाला अडीच हजार वर्षांपूर्वी कळले होते.

शास्त्र आता काय सांगते

पाश्चात्य विद्वानांनी हे सिद्ध केल्यावरच आपण ते मानावे असे आमचे म्हणणे नाही. पण एम.ए.ला जे शिकलो ते वस्तीच्या उपयोगी पडले नाही तर त्या पदवीचा काय उपयोग?

१८९७ साली, म्हणजे सावित्रीमाई गेल्या त्याच वर्षी, फ्रान्समध्ये एमिल दुर्खीमचा आत्महत्येवरचा ग्रंथ आला. माणूस समाजाशी किती बांधलेला आहे यावर आत्महत्येचे प्रमाण अवलंबून असते, हे त्याने दाखवले. १९७९ मध्ये लिसा बर्कमन आणि लिओनार्ड साइम यांनी अमेरिकेतील कॅलिफोर्नियातल्या अलामेडा भागातल्या ६,९२८ लोकांचा नऊ वर्षांचा अभ्यास छापला. ज्यांचे नातेगोते, मित्र, संस्था यांच्याशी संबंध सर्वांत कमी होते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण दुपटीहून जास्त निघाले. मग २००७ मध्ये निकोलस ख्रिस्ताकिस आणि जेम्स फाउलर यांनी फ्रेमिंगहॅम गावच्या १२,०६७ लोकांच्या ३२ वर्षांच्या नोंदी तपासल्या. एखाद्याचा मित्र लठ्ठ झाला तर तो स्वतः लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते, असे त्यांनी मांडले. पुढच्याच वर्षी त्यांनी सिगारेटचा अभ्यास केला. त्यात दिसले की माणसे सिगारेट सुटी सुटी सोडत नाहीत. एकमेकांशी जोडलेले गट एकदम सोडतात.

हे वाचल्यावर आम्हाला थेट १९२७ चा महारवाडा आठवला.

पण मित्रहो, इथे सावध राहिले पाहिजे. या अभ्यासांवर टीकाही झाली आहे. २०११ मध्ये कॉस्मा शालिझी आणि अँड्र्यू थॉमस यांनी दाखवले की मित्रामुळे सवय लागली, की सारखी माणसे आधीच एकत्र आली, हे अशा नोंदींतून वेगळे करणे फार कठीण आहे. शिवाय दोघेही एकाच परिस्थितीत राहतात म्हणूनही सारखे वागू शकतात. ही टीका आपल्यासाठी फार महत्त्वाची आहे. कारण उद्या कोणी म्हणेल, वस्तीत दारू संगतीने पसरते, म्हणजे दोष वस्तीचा. नाही! रात्री गटारात उतरणाऱ्या कामगाराला दुर्गंधी सहन व्हावी म्हणून दारू प्यावी लागते, तेव्हा तो कोणाची संगत करत असतो? त्याला गटारात उतरवणाऱ्या व्यवस्थेची. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरात वालधुनी नदीत रसायन सोडले गेले आणि काठावरच्या शेकडो लोकांना श्वास घेणे कठीण झाले. त्यात कुठल्या मित्राचा दोष होता? नऊ राज्यांच्या माहितीवर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दलितांचे आयुर्मान सवर्ण हिंदूंपेक्षा तीन वर्षांहून जास्त कमी निघाले. महाराष्ट्र त्या नऊ राज्यांत नव्हता. पण त्यातली एक गोष्ट सगळ्यांनाच लागू पडावी अशी आहे : गरिबी हिशोबात धरली तरी निम्म्याहून जास्त फरक शिल्लक राहिला. म्हणजे खिशात पैसे आले तरी जात पाठ सोडत नाही.

म्हणून आमची मांडणी अशी आहे. संबंधांचे जाळे जात आखते, घर कुठे मिळते ते आखते, काम कोणते मिळते ते आखते. त्या जाळ्यातून आजार आणि व्यसन वाहत येते. लढा आखणाऱ्याशीच द्यायचा आहे. पण लढणारी माणसे जिवंत आणि शुद्धीवर राहायची असतील, तर आपल्या हातातले धागे आपणच सांभाळले पाहिजेत.

ठाणे ते डोंबिवली : धागे कुठे सुटले

अंबरनाथचा काडेपेटीचा कारखाना, मोहन्याचा एनआरसी, शहाडची सेंच्युरी रेयॉन, ठाण्याची वागळे इस्टेट, रेल्वेची कामे. या कामांनी आपली माणसे या पट्ट्यात आणली. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातून आणि विदर्भातून आणखी माणसे आली. १९८२ च्या गिरणी संपानंतर नायगाव, वरळी, परळच्या चाळींतून माणसे स्वस्त खोलीच्या शोधात कल्याण-डोंबिवलीकडे सरकली. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहर १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवली साडेबारा लाखांच्या आसपास होती. कोळसेवाडी, वालधुनी, शेलार नाका, कळवा, वागळे : प्रत्येक ठिकाणी निळा झेंडा आहे, विहार आहे, जयंतीची कमिटी आहे.

मग तुटले काय? चाळीत खोलीचे दार उघडे असायचे. कामावरून आलेल्या माणसाचे पाय अडखळले तर दहा जण बघायचे आणि त्यातला एखादा वडीलधारा सकाळी दोन शब्द सुनवायचा. आता माणूस पहाटे पाचची लोकल पकडतो, रात्री दहाला उतरतो आणि स्टेशनबाहेर पहिला दिवा दारूच्या दुकानाचा असतो. कोकणातल्या लोकांची बौद्धजन पंचायत समिती आणि तिच्या शाखा आहेत. लग्न असो की जलदान विधी, त्या धावून येतात. पण शेजारच्या गल्लीतल्या मराठवाड्याच्या कुटुंबाला त्यात जागा नसते. मातंग आणि वाल्मीकी वस्तीशी तर बोलणेच नाही. वर रिपब्लिकन पक्षाच्या फुटीप्रमाणे प्रत्येक वस्तीत दोन-दोन, तीन-तीन गट. एकाच्या विहारात दुसरा जात नाही.

याचा आरोग्याशी काय संबंध? फार जवळचा आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवले की नोकरीची बातमी बहुधा जिवलग मित्राकडून येत नाही. ती तोंडओळखीच्या माणसाकडून येते, कारण तो आपल्या वर्तुळाबाहेरचे काही जाणतो. दवाखान्याचेही तसेच आहे. रुक्मिणीबाईला कोणती तपासणी होते, कशासाठी शास्त्रीनगरला जावे, कशासाठी कळव्याला आणि केव्हा थेट केईएम गाठावे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेला कोणते कागद लागतात, टीबीची औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि किमान सहा महिने घ्यावीच लागतात : ही माहिती कोणाला तरी असतेच. पण ती दुसऱ्या गटात असते आणि आपण त्या गटाशी बोलत नाही. सवर्णांनी आपले बाहेरचे धागे तोडले. आतले धागे आपण का तोडावेत?

आणि जयंतीबद्दल बोललो नाही तर हा लेख अप्रामाणिक होईल. ज्यांनी १७ वी प्रतिज्ञा दिली त्यांच्याच मिरवणुकीत डीजेसमोर झिंगून नाचणारा पंधरा वर्षांचा पोरगा आम्ही दरवर्षी पाहतो. त्याला पहिला घोट कोणी दिला? अनोळखी माणसाने नाही. मंडळातल्याच दादाने दिला. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, तरी तो पुडी कुठे मिळते हे त्याला मित्रच सांगतो. ज्या वाटेने एकेकाळी 'बहिष्कृत भारत' वाड्यात आले, त्याच वाटेने आज पुडी येते. वाट तीच आहे. वाटेवर काय सोडायचे ते आपल्या हातात आहे.

करायचे काय

आम्ही उपदेश करायला बसलो नाही. चार ठोस गोष्टी मांडतो.

पहिली गोष्ट, वर्षावास. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने विहारात आणि घरोघरी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन होते. भारतीय बौद्ध महासभेची प्रवचन मालिका होते. एवढे तयार जाळे या शहरातल्या फार कमी समाजांकडे आहे. प्रत्येक वाचनानंतर पंधरा मिनिटे ठेवा. त्या गल्लीतल्या नर्सताई, आशाताई किंवा फार्मसी शिकणाऱ्या मुलाला बोलू द्या. रक्तदाब आणि शुगर तपासा. बाबासाहेब स्वतः मधुमेहाने पोखरले गेले होते. आपल्या घराघरांतल्या या आजाराबद्दल विहारात बोलायला लाज कसली?

दुसरी गोष्ट, सोडायचे ते गटाने सोडा. एकट्या माणसाला व्यसनमुक्तीच्या केंद्रात पाठवून परत त्याच कट्ट्यावर आणून बसवू नका. कट्ट्यावरच्या पाच जणांना एकत्र बसवा. एकाने सोडली तर बाकीचे चार त्याला ओढतील. तिघांनी सोडली तर उरलेले दोघे एकटे पडतील. ज्याची तब्येत फार खालावली आहे त्याला मात्र डॉक्टरकडे आधी न्या. रोजची दारू एकदम तोडणे जिवावर बेतू शकते.

तिसरी गोष्ट, कमिटीत स्त्रिया. २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी हजारो स्त्रियांसमोर स्वच्छतेचा आणि दुर्गुणांपासून दूर राहण्याचा विषय मांडला. कारण घराचे जाळे कोणाच्या हातात असते हे त्यांना माहीत होते. आज आपल्या किती विहारांच्या कमिटीत निम्म्या स्त्रिया आहेत? मोजा आणि लाज वाटली तर बदला.

चौथी गोष्ट, गटाबाहेर पाऊल. दुसऱ्या गटाच्या विहारात जा, मातंग वस्तीत जा, मोहल्ल्यात जा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ज्या वस्त्यांमध्ये आधीपासून असे येणे-जाणे होते, तिथे शिधा आणि औषध पोहोचवताना आम्हाला दार वाजवायलाही लागले नाही. जिथे नव्हते तिथे अफवा आमच्या आधी पोहोचल्या होत्या.

कोणी विचारेल, मग पालिकेचे काय, सरकारचे काय? त्यांना सोडायचे नाहीच. नळ, गटार, दवाखाना आणि डॉक्टर हा आपला हक्क आहे आणि मोर्चा काढूनच तो मिळेल. महाडला बाबासाहेबांनी सरकारकडे कायदाही मागितला होता आणि समाजाकडून शपथही घेतली होती. दोन्ही एकाच परिषदेत, एकाच दिवसांत. मोर्च्यात चालायला पाय लागतात आणि ते पाय धडधाकट ठेवणे हेही मोर्च्याचेच काम आहे.

येत्या आषाढी पौर्णिमेच्या आधी आपापल्या विहाराच्या कमिटीची बैठक लावा आणि आरोग्य हा विषय पत्रिकेवर पहिल्या क्रमांकावर घ्या. दुसऱ्या गटाच्या विहारालाही त्या बैठकीचे निमंत्रण द्या.

जय भीम! नमो बुद्धाय! जय सावित्री!